भोक केवढं ठेवायचं? अपर्चरची गोष्ट

मागच्या भागानंतर ज्या व्हॉइस नोट्स आल्या, त्यातल्या तीन-चार जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता. मोबाईलच्या कॅमेऱ्याच्या माहितीत एफ/१.८ असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते काय असतं? आणि पोर्ट्रेट मोडमध्ये तो आकडा बोटाने सरकवला की मागची झाडं धूसर होतात, तेव्हा आत नक्की काय हलतं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. आत काहीही हलत नाही. मोबाईल आधी साधा फोटो काढतो, कुठली वस्तू जवळ आणि कुठली लांब याचा अंदाज बांधतो, आणि लांबच्या भागावर सॉफ्टवेअरने धुकं पसरतो. म्हणून तर कधीकधी कानाशेजारचे केस गायब होतात किंवा चष्म्याची काडी अर्धीच राहते. खऱ्या कॅमेऱ्यात मात्र लेन्सच्या आत खरंखुरं एक भोक असतं, लहान-मोठं करता येणारं. त्यालाच अपर्चर म्हणतात. आजचा भाग त्या भोकावर.

हा विषय मी कधीचा टाळत होतो, ते आधी कबूल करतो. कारण तो सांगायचा तर पिरंगुटमधली एक गोष्ट सांगावी लागते आणि त्या गोष्टीत चूक माझी आहे. माझ्या घरापासून गाडीवर दहा मिनिटांवरच्या एका कारखान्यात, या भोकामुळे एका ताईंचं काम गेलं होतं. तिकडे येतोच. आधी भोक समजून घेऊ, नाहीतर गोष्टीतली चूक कळणार नाही.

घरात भिंग असेल तर शोधा. आजोबांचं पेपर वाचायचं असेल तरी चालेल. दिवसा खोलीतले दिवे बंद करा, एकच खिडकी उघडी ठेवा आणि समोरच्या भिंतीजवळ भिंग धरून पुढे-मागे करा. एका ठरावीक अंतरावर भिंतीवर खिडकी उमटते, उलटी. माझ्या खिडकीतून समोरचा डोंगर आणि त्यावरचा टॉवर दिसतो, तर तो टॉवर भिंतीवर शेंडा खाली करून लटकलेला दिसतो. हाच कॅमेरा. भिंतीच्या जागी सेन्सर ठेवला की झालं.

आता पुठ्ठ्याचा तुकडा घ्या आणि भिंगाचा अर्धा भाग झाका. काय होईल? मी हे मित्रांना विचारतो तेव्हा दहातले आठ जण सांगतात की अर्धं चित्र जाईल. जात नाही. चित्र पूर्णच राहतं, फक्त अंधुक होतं. कारण टॉवरच्या टोकापासून निघालेला प्रकाश भिंगाच्या सगळ्या भागावर पडतो, आणि भिंगाचा प्रत्येक तुकडा तो त्याच एका बिंदूपाशी आणून सोडतो. अर्धे तुकडे झाकले तरी उरलेले अर्धे तेच चित्र काढतात, कमी प्रकाशात. म्हणूनच कॅमेऱ्यातलं भोक लहान केलं की फोटोच्या कडा कापल्या जात नाहीत. फोटोचा आकार तोच, प्रकाश कमी.

अजून एक करून बघा. पुठ्ठ्याला मधोमध मोठ्या बटणाएवढं भोक पाडा आणि तो भिंगावर लावा. चित्र अंधारलं, पण अजून काहीतरी बदललं. आधी टॉवर स्पष्ट असेल तर खिडकीचे गज धूसर होते. आता गजही बऱ्यापैकी दिसायला लागतील. भिंग जरा पुढे-मागे झालं तरी चित्र लगेच बिघडत नाही. म्हणजे भोक लहान केल्यावर दोन गोष्टी झाल्या: प्रकाश घटला, आणि एकाच वेळी स्पष्ट दिसणारा थर जाड झाला. या थराला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. हे दोन परिणाम जोडीनेच येतात. एक हवा आणि दुसरा नको, असं चालत नाही. लक्षात ठेवा, गोष्टीत लागणार आहे.

थर जाड का होतो? प्रत्येक बिंदूपासून भिंगातून येणारा प्रकाश शंकूसारखा निमुळता होत जातो आणि टोकाला एक ठिपका करतो. भिंत त्या टोकावर नसेल तर ठिपक्याच्या जागी चकती पडते, आणि चकत्यांवर चकत्या पडल्या की धूसर. भोक मोठं तर शंकू रुंद, भिंत जरा सरकली की चकती लगेच मोठी. भोक लहान तर शंकू सडपातळ, तेवढ्याच चुकीला चकती बारीक. बस, एवढंच आहे. लांबची पीएमपीची पाटी वाचताना आपण डोळे बारीक करतो ना, तेव्हा नेमकं हेच करत असतो. पापण्यांनी भोक लहान करायचं आणि नंबर वाचायचा.

आता तो एफ. लेन्सची फोकल लेंग्थ भागिले भोकाचा व्यास, म्हणजे एफ नंबर. ५० मिलिमीटरची लेन्स आणि २५ मिलिमीटरचं भोक, तर एफ/२. भोक साडेबारा केलं तर एफ/४. भोक भाजकात बसल्यामुळे आकडा वाढला की भोक लहान. फोटोग्राफी शिकणाऱ्या प्रत्येकाची इथे एकदा तरी गल्लत होते. माझी तर महिनाभर होत होती. कॅमेऱ्याच्या रिंगवर आकडे असतात: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. हे कुणाच्या लहरीने लिहिलेले नाहीत. प्रत्येक पुढच्या आकड्याला प्रकाश बरोबर निम्मा होतो. प्रकाश व्यासावर नाही, क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून निम्म्या प्रकाशासाठी व्यासाला दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण १.४ ने भागायचं. तोच १.४ आकड्यांना गुणत गुणत पुढे जातो. एफ/४ वरून एफ/८ ला गेलात तर दोन पायऱ्या, प्रकाश पाव.

पूर्वी हे भोक बदलायला लेन्समध्ये खाच ठेवलेली असायची आणि वेगवेगळ्या भोकांच्या पितळी पट्ट्या त्यात सरकवायच्या. १८५८ मध्ये जॉन वॉटरहाउस या इंग्रज माणसाने ती पद्धत मांडली, म्हणून अजूनही त्यांना वॉटरहाउस स्टॉप म्हणतात. पट्टी हरवली की फोटोग्राफरची पंचाईत. पुढे पातळ पात्यांचा पडदा रूढ झाला. पाती एकमेकांवर सरकतात आणि मधलं भोक उघडतं-मिटतं. डोळ्यातल्या आयरिसवरून त्यालाही आयरिसच म्हणतात. शाळेच्या पुस्तकात आपण परितारिका म्हणून जे पाठ केलं, ते हेच.

डोळ्याचं सांगायलाच हवं, कारण तिथे एक मजा आहे. आपली बाहुली ढोबळमानाने २ ते ८ मिलिमीटर होते. व्यास चौपट, म्हणजे प्रकाश सोळापट. पण भर दुपारचं ऊन आणि पौर्णिमेचं चांदणं यातला फरक सोळापट नाही, काही लाखपट आहे. आणि तरी आपण दोन्हीकडे बघू शकतो. म्हणजे बाहुली काम करते, पण थोडंसं. बाकीचं सगळं मागचा पडदा, म्हणजे रेटिना आपली संवेदनशीलता बदलून सांभाळते, आणि त्याला वेळ लागतो. लाईट गेल्यावर पहिली काही मिनिटं आपण भिंती चाचपतो ते त्यामुळेच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केल्यावर बाहेर उन्हात आलात तर कळतं की ते थोडंसं कामही किती महत्त्वाचं होतं.

मोबाईलने काय केलं, तर बाहुली जवळजवळ सोडूनच दिली. बहुतेक फोनमध्ये भोक कायमचं एकाच मापाचं असतं. प्रो मोड उघडून बघा: शटर सापडेल, आयएसओ सापडेल, अपर्चर सरकवायची पट्टी बहुतेक वेळा सापडणारच नाही. प्रकाश जास्त झाला की फोन वेळ कमी करतो, कमी झाला की वेळ आणि आयएसओ वाढवतो. समजा लेन्सची फोकल लेंग्थ ६ मिलिमीटर आणि एफ/१.८, तर भोक सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा जागेत हलणारी पाती बसवणं महाग आणि नाजूक काम आहे. तरी काहींनी केलं. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस९ मध्ये २०१८ साली एफ/१.५ आणि एफ/२.४ अशी दोन भोकं होती. शाओमी १४ अल्ट्रामध्ये एफ/१.६३ पासून एफ/४ पर्यंत हवं तिथे थांबता येतं. माझं मत विचाराल तर बहुतेकांना याची गरज नाही. सेन्सरच इतका लहान असतो की स्पष्ट थर आधीच जाड मिळतो. जूनमध्ये ताम्हिणीकडे काजवे बघायला जाता ना, तिथे तर भोक जितकं मोठं तितकं बरं. फक्त फ्लॅश मारू नका. काजव्यांनाही त्रास आणि फोटोतही काही येत नाही.

दुर्बिणीचं तर उलटंच असतं. तिथे अपर्चर कमी करायचं नसतं, जन्मभर वाढवायचं असतं. आपल्या पुणे जिल्ह्यातच गिरवलीला आयुकाची दुर्बीण आहे, तिचा आरसा २ मीटरचा. अंधारातली बाहुली ७ मिलिमीटर धरली तर तो आरसा डोळ्याच्या ऐंशी हजार पट प्रकाश गोळा करतो. पुण्यात ही हौस जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक कावसजी नेगामवाला २० इंची आरशाच्या दुर्बिणीवर काम करत होते, आणि जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते जेऊरला तळ ठोकून होते. ती दुर्बीण नंतर कोडाईकनालला गेली.

आणि सिनेमा. यावर जरा थांबतो, कारण इथे अपर्चर म्हणजे नुसती सोय नव्हती. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पैसे घालणाऱ्यांना पटवायला त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटी फिल्म केली. आज आपण त्याला टाइमलॅप्स म्हणतो आणि रीलवर टाकतो. मग 'राजा हरिश्चंद्र', कॅमेऱ्यावर त्र्यंबक तेलंग, आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये प्रदर्शन. आता त्या कॅमेऱ्यामागे उभं राहून विचार करा. कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालायचा. फिल्मला आयएसओची पट्टी नाही, जी मिळाली ती मिळाली, आणि तीही आजच्या मानाने फारच मंद. ढग आला, प्रकाश कमी झाला, तर काय करणार? दांडा हळू फिरवला तर प्रत्येक चित्राला वेळ जास्त मिळेल, पण पडद्यावर दाखवताना माणसं पळायला लागतील. म्हणजे वेळ हातात नाही, आयएसओ हातात नाही. उरलं फक्त भोक. आपल्या फोनमध्ये भोक सोडून सगळं बदलतं, आणि त्यांच्याकडे भोक सोडून काहीच बदलत नव्हतं. आणि चुकलं की नाही, हे फिल्म धुतल्यावर कळायचं.

मूकपटात सीन संपताना काळं वर्तुळ मिटत जातं, ते आठवतंय? तेही आयरिसच, पण लेन्सच्या आतलं नाही. लेन्सच्या आतलं मिटलं असतं तर सगळं चित्र सारखंच अंधारलं असतं, पुठ्ठ्याच्या प्रयोगात झालं तसं. वर्तुळ दिसायला पडदा लेन्सच्या पुढे काही अंतरावर लावावा लागतो.

बरं. आता पिरंगुट.

आमची टीम छोटी आहे. कारखान्यांमध्ये लाईनवर कॅमेरे बसवायचे आणि बनलेला माल बरोबर आहे की नाही हे सॉफ्टवेअरने तपासायचं, हे आमचं काम. घोटावडे फाट्याच्या पुढच्या बाजूला एका ठिकाणी प्लास्टिकची टोपणं बनतात. नाव घेत नाही, गरजही नाही. टोपण साधारण १० मिलिमीटर उंच. वरच्या कडेला टवका उडाला असेल तर ते बाजूला काढायचं. एक ताई ट्रेमधून टोपणं घेऊन पट्टीवरच्या खाचेत बसवायच्या, पट्टी सरकायची, वरून कॅमेरा फोटो घ्यायचा, हिरवा किंवा लाल दिवा लागायचा.

कारखान्यातल्या कॅमेऱ्याची लेन्स मोबाईलसारखी नसते. तिला दोन रिंगा असतात, एक फोकसची आणि एक आयरिसची, आणि दोन्हींना छोटा लॉक स्क्रू. मी आयरिस एफ/८ ला ठेवला होता. त्या अंतरावर एफ/८ ला साधारण १२ मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट मिळत होता, टोपण १० चं, म्हणजे वरच्या कडेपासून खालच्या पट्टीपर्यंत सगळं नीट. हे मी कागदावर मांडूनच केलं होतं, अंदाजाने नाही. आणि मग कोडमध्ये एक ओळ टाकली: एक्स्पोजर ऑटो. प्रकाश थोडा कमी-जास्त झाला तर कॅमेऱ्याने आपला वेळ आपणच जुळवून घ्यावा. फार हुशारी केली असं वाटलं होतं.

पहिला महिना छान गेला. शंभरात एखादं टोपण लाल. मग ते तीन झालं, पाच झालं, आणि एक दिवस शंभरात बारा. मशीनमध्ये दोष सापडेना. सुपरवायझरचा फोन आला, व्हिडिओवर त्यांनी मला लाल झालेले फोटो दाखवले. वरची कड धूसर होती. मी घरात बसून, चहाचा कप हातात धरून सांगितलं, "सॉफ्टवेअर बरोबर आहे. टोपण खाचेत तिरकं बसतंय."

तिरकं बसतंय म्हणजे कोण बसवतंय? ताई.

त्यानंतर एकदा मी तिकडे गेलो होतो तेव्हा ताई स्वतःहून बोलल्या होत्या. "सर, तुम्ही नवीन लावला होता ना, तेव्हा स्क्रीनवर खालच्या पट्टीच्या रेघा दिसायच्या. आता नाही दिसत. बघा ना जरा." मी म्हटलं, "बघतो, ताई." आणि लॅपटॉप उघडून दुसरंच काहीतरी बघत बसलो. पुढच्या सोमवारी त्यांना ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं की उद्यापासून येऊ नका. त्यांच्या जागी एक मुलगा आला. मला हे नंतर कळलं, पण कळायला हवं होतं, हेही खरं.

मुलगा आला आणि रिजेक्शन अठरावर गेलं.

मग मात्र मी गेलो आणि सगळे फोटो एकापुढे एक लावले. टोपण तिरकं असेल तर काय दिसेल? एक बाजू वर, एक खाली, म्हणजे कडेचा एक भाग धूसर आणि समोरचा स्पष्ट. माझ्या फोटोंत कड सगळीकडून सारखीच धूसर होती. गोल, सारखी. तिरकेपणाचा प्रश्नच नव्हता. हे मला पहिल्याच फोटोत दिसायला हवं होतं. आणि ताई म्हणाल्या तसं, पट्टीवरच्या मशीनिंगच्या बारीक रेघाही गेल्या होत्या. वरचं धूसर आणि खालचंही धूसर, मधलं नीट. म्हणजे फोकस हललेला नाही. थर पातळ झालाय.

थर पातळ होतो कधी? भोक मोठं झाल्यावर. पण भोक मोठं झालं तर फोटो उजळ व्हायला हवा होता, आणि फोटो तर पहिल्या दिवशीएवढाच उजळ. इथे मी दहा मिनिटं अडकलो, आणि मग पोटात गोळा आला. माझी ती एक ओळ. भोक मोठं होत गेलं, प्रकाश वाढत गेला आणि कॅमेऱ्याने सांगितल्याप्रमाणे इमानदारीत वेळ कमी करून फोटो तसाच ठेवला. लॉग उघडले. प्रत्येक फोटोबरोबर एक्स्पोजरचा वेळ लिहिलेला होता, पहिल्या दिवसापासून. सुरुवातीला ४ मिलिसेकंद. मग ३.५. मग २.६. शेवटी १. वेळ पाव, म्हणजे प्रकाश चौपट, म्हणजे दोन पायऱ्या. एफ/८ वरून दोन पायऱ्या खाली, एफ/४. थर १२ वरून ६ मिलिमीटर. टोपण १० चं.

शिडीवर चढून लेन्स बघितली. रिंग ४ वर होती. लॉक स्क्रू बोटाने फिरत होता. शेजारी प्रेस चालते, तिचा हादरा दिवसभर त्या स्टँडमधून जातो. स्क्रू बसवताना पाना वापरायचा होता, मी बोटानेच फिरवून खाली उतरलो होतो.

कुणीतरी तिथे सुचवलं की मग भोक पूर्णच लहान करून टाका ना, एफ/१६, सगळंच स्पष्ट होईल, कटकट नको. चांगला प्रश्न आहे, कारण मीही तसा विचार केला होता. दोन अडचणी येतात. पहिली, प्रकाश पाव होतो, तर ४ च्या जागी १६ मिलिसेकंद लागतील आणि तेवढ्यात सरकणारी पट्टी फोटोत फरपटलेली दिसेल. दुसरी अडचण प्रकाशाच्या स्वभावातच आहे. भोक फार लहान केलं की प्रकाश कडेला पसरतो. कितीही भारी लेन्स असली तरी बिंदूचा बिंदू होत नाही, छोटी चकती होते, आणि तिची रुंदी एफ नंबरच्या प्रमाणात वाढते. हिरव्या प्रकाशाला एफ/१६ वर ती साधारण २१ मायक्रॉन होते. आमच्या सेन्सरचा एक पिक्सेल साडेतीन मायक्रॉनच्या आतला. म्हणजे एक ठिपका सहा पिक्सेलवर सांडणार, आणि बारीक टवका त्यात बुडणार. म्हणून भोक केवढं ठेवायचं याचं उत्तर "जेवढं लहान तेवढं बरं" असं नाही. आमच्यासाठी ते एफ/८ च होतं, आणि ते आम्ही आधीच काढलेलं होतं. फक्त तिथे टिकवलं नव्हतं.

मी तिथूनच मेल लिहिली. सुपरवायझर, त्यांचे वरचे, आमच्याकडचे सगळे. टोपणं बरोबर बसत होती, चूक बसवताना झाली आणि ती माझी, लॉग सोबत जोडलेत, असं. पाठवताना हात थरथरला, खोटं कशाला बोलू. आमच्याकडून एकाने विचारलंच, "एवढं स्पष्ट लिहायची गरज होती का? 'तांत्रिक कारण' चाललं असतं." चाललं असतं, पण तांत्रिक कारण लिहिलं असतं तर ताईंना परत बोलवायचं कारण उरलं नसतं.

एकोणीस दिवसांनी ताई परत आल्या. त्या एकोणीस दिवसांचे पैसे त्यांना मिळाले नाहीत. मी दोनदा विषय काढला, दोनदा मला सांगितलं गेलं की तो ठेकेदाराचा प्रश्न आहे. मी स्वतः द्यायला गेलो तर त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून कशाला घेऊ? तुम्ही लिहून दिलंत ना." मला ते घेतले असते तर बरं वाटलं असतं.

आता तिथे काय आहे ते सांगतो, कारण तुमच्यापैकी काही जण याच कामात आहेत आणि हमखास विचारणार. स्क्रू पान्याने घट्ट केलाय आणि वर स्क्रू लॉक करायचं द्रव टाकलंय. ऑटो एक्स्पोजर बंद, वेळ कायमचा ४ मिलिसेकंद. आणि पट्टीच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका रंगवलाय. प्रत्येक फोटोत त्या ठिपक्याचा उजेड मोजला जातो आणि आकडा स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दिसतो. नीट असेल तेव्हा १८० च्या आसपास. भोक हललं, दिवा मंदावला, काही झालं तरी आता आकडा बदलणारच, लपणार नाही. ताईंनी तिथे एक वही ठेवलीय. शिफ्ट सुरू होताना आकडा लिहायचा, हे मी सांगितलेलं नाही, त्यांनीच सुरू केलं.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी त्यांचा फोन आला. "सर, आज १७२ दाखवतंय."

मी लॅपटॉप उघडत होतो तोवर त्यांचंच पुढचं वाक्य आलं, "थांबा, थांबा. दिव्याच्या काचेवर धूळ बसलीय. पुसते."

मी फोन धरून थांबलो. मागे प्रेसचा आवाज येत होता.

"१७९ झालं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.